दोनदा की दहादा? पहिलं डाएट निवडताना

लेखमाला : ताट आणि तराजू – भाग तिसरा

जालन्याहून मंठ्याच्या रस्त्याला लागलं की वाटूर फाटा येतो. इथून परतूरकडे वाट फुटते, म्हणून एसटी, जीप, टेम्पो सगळेच इथे थांबतात, आणि थांबणं म्हणजे चहा. खत-बियाण्यांचा दुकानदार असो, माल घेऊन निघालेला शेतकरी असो की रोज ये-जा करणारा शिक्षक, दिवसाला चार-पाच कप कुणाला चुकत नाहीत. एका कपात दोन चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम साखर धरली तर पाच कपांत ५० ग्रॅम झाली. दिवसाला २,००० कॅलरी खाणाऱ्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने साखरेची कमाल मर्यादा एवढीच सांगितली आहे, आणि जमलं तर तिच्याही निम्म्यावर या असं वर म्हटलं आहे. पेढा, जिलेबी, लग्नातली बुंदी यांतलं अजून काहीच तोंडात पडलेलं नाही.

पण ‘आता वजन उतरवायचंच’ असं मनावर घेतलेला माणूस या कपाकडे बघत नाही. तो डाएट शोधायला निघतो. मोबाइल उघडला की कीटो येतं, सोळा तासांचा उपास येतो, पावडरचे डबे येतात. नात्यातला कुणी ‘माझे बारा किलो गेले’ म्हणतो. आणि मराठी घरात बोलणं शेवटी एका जुन्या वादावर येऊन ठेपतं : दीक्षित की दिवेकर?

या वादाची एक बाजू मराठवाड्याची आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लातूर आणि औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केलं. त्यांच्या पद्धतीचं मूळ मात्र नागपूरचं. डॉक्टर, मग आयपीएस, मग आयएएस, पदव्यांची रांग लावणारे आणि १९८० मध्ये पंचविशीत आमदार झालेले डॉ. श्रीकांत जिचकार २००४ साली अपघातात गेले. त्यांनी आहारावर दिलेल्या व्याख्यानातून दीक्षितांना ही कल्पना मिळाली. आधी त्यांनी ती स्वतःवर करून पाहिली, मग गावोगाव व्याख्यानं दिली. नियम एका दमात सांगून होतात. खरी भूक कोणत्या दोन वेळांना लागते ते ओळखा, त्या दोनच वेळांना जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत उरका. मधल्या वेळात पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा चालेल. रोज ४५ मिनिटं झपाझप चाला. काहीही खाल्लं की शरीर इन्सुलिन सोडतं आणि इन्सुलिन वर असेपर्यंत चरबी जागची हलत नाही, म्हणून इन्सुलिनला दिवसात दोनदाच उठवायचं, अशी त्यामागची मांडणी.

दुसरी बाजू मुंबईच्या ऋजुता दिवेकर यांची. करीना कपूरच्या आहारतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव झालं आणि २००९ मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक गाजलं. त्यांचा सल्ला बरोबर उलटा : उठल्यावर चहाआधी काहीतरी खा, मग दर दोन तासांनी थोडं थोडं खा, तुपाला भिऊ नका, आजीच्या स्वयंपाकघरात जे शिजत होतं तेच खा, रात्रीचं लवकर आटपा. फार वेळ उपाशी राहिलेला माणूस संध्याकाळी दिसेल त्यावर तुटून पडतो, हा त्यांचा मुद्दा कुणालाही आपल्या घरात पडताळून पाहता येईल.

दोघांचेही पंथ झाले. व्हॉट्सअॅपवर गट निघाले, जावा-जावांत पक्ष पडले. प्रयोगशाळेतला कौल मात्र कुणाच्याच पूर्ण बाजूने नाही. चेक प्रजासत्ताकातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये टाइप २ मधुमेह असलेल्या ५४ जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना बारा आठवडे दिवसातून सहा वेळा आणि बारा आठवडे दोनच वेळा खायला सांगितलं होतं, कॅलरी दोन्हीकडे तितक्याच. सहा वेळा खाताना सरासरी २.३ किलो गेले, दोन वेळा खाताना ३.७. दीक्षितांचे अनुयायी खूश होतील, पण त्या दोन वेळा होत्या न्याहारी आणि दुपारचं जेवण. रात्री काही नाही. आपल्याकडे दोनदा जेवणारे बहुतेक लोक नेमकी न्याहारी सोडतात आणि रात्रीचं ताट भरगच्च ठेवतात.

दुसरा प्रयोग याहून मोठा, आणि नवख्यासाठी जास्त कामाचा. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने ६०९ जणांना वर्षभर दोन गटांत ठेवलं. एकाला कमी चरबीचा आहार, दुसऱ्याला कमी पिष्टमय पदार्थांचा. २०१८ मध्ये निकाल आला : पहिल्या गटाचे सरासरी ५.३ किलो उतरले, दुसऱ्याचे ६. म्हणजे फरक नसल्यातच जमा. खरी गंमत गटाच्या आत होती. एकाच आहारावर कुणाचं तीसेक किलो उतरलं, तर कुणाचं आठ-दहा किलो चढलं. जनुकं तपासून किंवा इन्सुलिन मोजून कुणाला कोणता आहार मानवेल हे आधी सांगता येतं का, हेही त्यांनी पाहिलं. सांगता आलं नाही. जनुकं तपासून ‘तुमचंच खास डाएट’ विकणाऱ्यांची जाहिरात दिसली की हे आठवावं. दोन्ही गटांना एक सूचना मात्र समान होती : साखर आणि मैदा कमी करा, भाज्या वाढवा, शक्यतो घरी रांधलेलं खा.

तेव्हा ‘कोणतं डाएट चांगलं’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवून ‘माझं खाणं दिवसात नेमकं कुठे हाताबाहेर जातं’ हे आधी पाहिलं, तर निवड निम्मी होऊन जाते. त्यासाठी पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नये. एक वही घ्यावी आणि तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट वेळेसह लिहावी, पाहुण्याबरोबर घेतलेला अर्धा कपसुद्धा.

वहीबरोबर एक मोजपट्टीही हवी, शिंप्याकडची चालेल. वजनकाट्यावर भिस्त ठेवणारे लोक कमरेला विसरतात, आणि भारतीय माणसाचं दुखणं कमरेतच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच फोटो छापले. उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार, हा आपला नमुना. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ झाला की जास्त वजन आणि २५ झाला की लठ्ठपणा धरतात. पाच फूट पाच इंच उंचीचा माणूस ६८ किलोलाच पंचविशी गाठतो. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर असेल, तर हातपाय काटकुळे दिसले तरी मामला पोटाचा आहे.

आता वही उघडू. फाट्यावरच्या दुकानदाराची वही बघितली तर दोन जेवणं ठीकच निघतील. गडबड मधल्या वेळेची असते : गिऱ्हाइकाबरोबर चहा, चहाबरोबर खारी, पाचला भजी, दुकान बंद करताना मूठभर फरसाण. अशा माणसाला दीक्षितांचा नियम सोयीचा, कारण त्यात हिशेब करावा लागत नाही. ‘मी दोनदाच खातो’ एवढं एक वाक्य सगळ्या आग्रहांना पुरतं. फी नाही, पावडर नाही, वेगळी चूल नाही. हा आहार मराठवाड्यातल्या गावागावांत पोचला, त्याचं श्रेय इन्सुलिनच्या सिद्धांतापेक्षा या सोपेपणाला जास्त असावं. फसगत होते ती ५५ मिनिटांत. तेवढ्या वेळात पाच भाकऱ्या, वरून श्रीखंड आणि शेवटी भात चेपता येतो, आणि तसं चेपणारे आहेत.

ज्याची वही दिवसभर कोरी आणि रात्री आठनंतर भरलेली, त्याला दोनदा खाण्याचा नियम उलटा पडेल. तो आधीच दोनदा खातोय. सकाळी पोहे-उपम्याऐवजी मोडाची मटकी किंवा अंडी, दुपारी भाकरी-भाजी-वरण, चार वाजता मूठभर फुटाणे, अशी दिवेकर वळणाची विभागणी त्याला रात्री आवरेल. मात्र दर दोन तासांचं खाणं म्हणजे दर दोन तासांनी हाताशी चांगलं काहीतरी हवं. घरातून डबा नेला नाही तर ‘थोडं थोडं’ हे वडापाव आणि बिस्किटांवर भागवलं जातं.

घरातल्या बाईची वही वेगळीच. ती सगळ्यांच्या मागून जेवते आणि पातेल्यात राहिलेलं वाया जाऊ नये म्हणून संपवते. तिच्या वाढत्या वजनात या उरल्यासुरल्याचा वाटा मोठा असतो आणि त्यावर कुणाचंच डाएट बोलत नाही. त्यातच २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त महिलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. तिने सरसकट खाणं घटवलं तर वजनाआधी रक्त आणि स्नायू घटतील. तिने भात-पोळी कमी करून वरण, उसळ, पालेभाजी वाढवावी आणि सगळ्यांबरोबर ताट वाढून घ्यावं. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे. तिला घरातल्या पुरुषांची संमती लागते.

कीटोबद्दल फार लिहायची गरज नाही. ज्वारी, तूर आणि हरभऱ्याच्या मुलखात भाकरी, वरण, उसळ सगळंच वर्ज्य करून लोणी-पनीरवर जगणं खिशालाही परवडत नाही आणि घरातही टिकत नाही.

भाकरीवर मात्र थांबायला हवं, कारण तिच्याविषयी गैरसमज दोन्ही टोकांचे आहेत. ज्वारीच्या आणि गव्हाच्या १०० ग्रॅम पिठातल्या कॅलरी जवळपास सारख्या, सव्वातीनशेच्या आसपास. ‘पोळी सोडली, भाकरी धरली’ एवढ्याने वजन उतरत नाही. भाकरीला तेल-तूप लागत नाही, ती चावून खावी लागते आणि एक-दीड भाकरीत पोट भरल्यासारखं वाटतं, हा तिचा फायदा. पण तो थापणाऱ्या हातावर आहे. पीठ एकदा किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून पाहावं : एका घरातली भाकरी ६० ग्रॅमची असते, शेजारच्या घरातली १०० ची. ‘दोन भाकऱ्या’ म्हणजे किती, हे त्यावर ठरतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत धान्याचा वाटा एकूण कॅलरींच्या ४५ टक्क्यांपुरता ठेवा असं सांगितलंय. आपल्या ताटात तो सहज त्याहून जास्त भरतो, आणि डाळ वाटीच्या तळाशी राहते.

तेलाचा हिशेब तर घरबसल्या होतो. याच संस्थेच्या २,००० कॅलरींच्या नमुना ताटात वरून घालायचं तेल-तूप माणशी दिवसाला २७ ग्रॅम आहे. पाच माणसांच्या घराला हे दिवसाला १३५ ग्रॅम झालं. या हिशेबाने पंधरा किलोचा डबा साडेतीन महिने पुरायला हवा. डब्यावर आणल्याची तारीख खडूने लिहून ठेवावी. दीड-दोन महिन्यांत तळ दिसला, तर डाएट कोणतं यावर घरात भांडायची गरज नाही. फोडणीची पळी बदलावी. शेंगदाण्याचा कूट यात धरलेला नाही, आणि तो आपण दोन्ही हातांनी घालतो.

उपासाचंही तसंच. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ असं आपलीच म्हण सांगते. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यात कूट आणि तूप. ही खिचडी खाऊन आठवड्यातून दोन उपास करणाऱ्याचं वजन वाढलं तर नवल नाही. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्या दिवशी दोन मोसंब्या सोलून खाव्यात. रस नको. एका ग्लासात तीन-चार मोसंब्या जातात, चोथा गाळला जातो आणि गाड्यावर वरून साखर पडते.

कोणतीही पद्धत धरली तरी पहिल्या आठवड्यात काटा एक-दोन किलोंनी खाली येतो आणि माणूस हरखतो. त्यातलं बरंचसं पाणी असतं. शरीरातली साठवणीची साखर वापरली जाते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी निघून जातं. पुढे आठवड्याला अर्धा किलो म्हणजे उत्तम गती. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा अडला की बहुतेक लोक डाएट बदलतात. खरं तर तेव्हा वहीच पुन्हा उघडायला हवी, कारण एव्हाना लिहिणं सुटलेलं असतं आणि खारी परत आलेली असते. उद्दिष्टही बेताचं ठेवावं. ८० किलोच्या माणसाचे पाच-सहा किलो गेले, तरी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्याला त्याचा मोठा फायदा होतो. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या प्रयोगात वजन सात टक्क्यांनी उतरवण्याचं लक्ष्य आणि आठवड्याला १५० मिनिटांचं चालणं एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटल्याचं २००२ मध्ये दिसलं.

काहींनी मात्र वाचून किंवा ऐकून सुरुवात करूच नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने एक जेवण सोडलं आणि गोळी नेहमीचीच घेतली, तर साखर एकाएकी खाली येते : दरदरून घाम, हातापायांना कंप, डोळ्यांसमोर अंधारी. हे मोटरसायकलवर असताना झालं तर जिवावर बेतेल. अशांनी आधी डॉक्टरांकडून गोळीची मात्रा ठरवून घ्यावी, मगच जेवणाच्या वेळा बदलाव्यात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढीच्या वयातली मुलं, मूत्रपिंडाचा विकार असलेले यांनाही हेच लागू. बाकीच्या तिशी ओलांडलेल्यांनी सुरुवात करण्याआधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. ही तपासणी तिथे मोफत होते, आणि आपल्याला मधुमेह आहे हे अनेकांना पहिल्यांदा तिथेच कळतं.

(पुढील भागात : चालणं, शेतातलं काम आणि व्यायाम)