बंदुकीचा डोळा

घोडेगाव म्हटलं की लोकांना कांद्याचा बाजार आणि शनिशिंगणापूरचा फाटा आठवतो. मला मात्र आमच्या घरातली प्लॅस्टिकची बंदूकही आठवते. नव्वदच्या दशकात माझा भाचा सुट्टीत ती घेऊन आला. सोबत दोन रिमोट, एक कॅसेट आणि टीव्हीला जोडायचा डबा. मुलं त्याला ‘व्हिडिओ गेम’ म्हणायची.

मंडळी, हा डबा एका जपानी यंत्राची नक्कल होता. क्योटोची निन्टेंडो कंपनी १८८९ पासून खेळायचे पत्ते बनवायची. तिनंच १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ बाजारात आणला. तो घडवला मासायुकी उएमुरा यांनी. किंमत होती १४,८०० येन. जगभरात असे सहा कोटींहून अधिक संच विकले गेले. आपल्या गावात पोचल्या त्या स्वस्त नकला. कॅसेटवर ‘९९९९ गेम’ असं छापलेलं. भाच्यानं वहीत मोजदाद केली, तेव्हा कळलं, नावं बदलतात, खेळ तेच ते!

मूळ यंत्राची काम करतानाची स्मृती अवघी २ किलोबाइट. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा सगळा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला. जागा वाचवण्यासाठी ढगाला आणि झुडपाला एकच आकृती वापरली; वर पांढरी, खाली हिरवी. मारिओला मिशी दिली, कारण इतक्या थोड्या ठिपक्यांत तोंड नीट उमटेना. मात्रा मोजून ओळ लिहिणाऱ्याला ही काटकसर लगेच पटते.

एकदा मारिओ शेवटच्या किल्ल्यात पोचला आणि वीज गेली. “मामू, मारिओ कुठं गेला?” भाचा रडवेला झाला. मी सांगितलं, खेळ कॅसेटमध्ये कायमचा कोरलेला आहे. तू कुठवर पोचलास, हे मात्र वीज असेपर्यंतच लक्षात राहतं.

बंदुकीला अम्मी फार भ्यायची. टीव्हीची काच फुटेल, म्हणायची. पण त्या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. बदकांच्या खेळात घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीत उजेड ओळखणारा डोळा असतो. त्याला तो चौकोन दिसला की नेम लागला. म्हणजे बंदूक मारत नाही, बघते. हे समजल्यावर अम्मीनंही एकदा घोडा दाबला. बदक पडलं, तशी हळहळली.

आता अम्मी नाही. तो जुना टीव्हीही नाही. गेल्या ईदला भाच्याच्या मुलानं माळ्यावरून डबा काढून नव्या चपट्या टीव्हीला जोडला. खेळ सुरू झाला, पण एकही बदक पडेना. जुन्या टीव्हीत चौकोन ठरल्या क्षणी उजळायचा. नव्यात चित्र किंचित उशिरा येतं. बंदुकीचा डोळा उघडतो, तेव्हा समोर अंधारच असतो.

पोरगा हिरमुसला. मी म्हटलं, राहू दे. अम्मीला बरं वाटलं असतं.