जुन्या जीपसाठी बदली इंजिन व गियरबॉक्सची निवड

नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात, बारामतीपासून इंदापूरपर्यंत, बरीचशी जमीन काळी व भारी आहे. पावसाळ्यात पाटाकडेच्या वाटेवर साधी गाडी रुतते. अशा ठिकाणी दुधाचे कॅन, खताची पोती वा डाळिंबाचे क्रेट वाहून नेण्यास चारही चाकांना ओढ असलेली जुनी जीप फार उपयोगी पडते. गाडीचा सांगाडा धड असतो, परंतु इंजिन थकलेले असते. मग मालक ते बदलण्याच्या विचारात पडतो.

प्रथम इंजिन खरोखर संपले आहे काय, हे तपासावे. गाळाने भरलेला रेडिएटर किंवा घसरणारा क्लच यांमुळेही गाडी ओढ घेईनाशी होते. पेट्रोल इंजिनाचे कॉम्प्रेशन मोजून कमी आढळल्यास त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजले आहेत. न वाढल्यास बहुधा दोष व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा असतो, आणि तेवढ्यासाठी इंजिन बदलणे म्हणजे खिळ्यासाठी नांगर मोडण्यासारखे होय.

इंजिन बदलणे अपरिहार्य ठरले, तरी गॅरेजात पहिला प्रश्न अश्वशक्तीचा विचारू नये. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने आपल्याकडे आणलेल्या विलिस जीपमध्ये सुमारे २,२०० घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन व तीन गियरांचा बॉक्स असे. पुढे प्युजो पद्धतीची डिझेल इंजिने व चार-पाच गियरांचे बॉक्स आले. इंजिन आणि गियरबॉक्स ही बैलजोडी आहे. एकटा बैल पाहून सौदा करू नये.

हिशेब करून पाहावा. त्या जीपच्या तीन गियरांच्या बॉक्सचा पहिला गियर सुमारे २.८, ट्रान्सफर केसचा लो गियर सुमारे २.४६ व डिफरेन्शियल ५.३८, यांचा गुणाकार सुमारे ३७ होतो. इंजिन मिनिटास १,००० फेरे फिरत असता सोळा इंची जुन्या टायरवर गाडी ताशी साडेतीन किलोमीटरहून थोडी अधिक चालते. पहिला गियर ४ असलेला बॉक्स घेतल्यास तोच वेग अडीच किलोमीटरवर येतो. चिखलातून ट्रेलर काढताना हा फरक दहा-वीस अश्वशक्तींपेक्षा मोलाचा आहे. उलट मोठे इंजिन आणि इतका खोल गियर एकत्र आले, तर लहान इंजिनासाठी घडविलेला मागील ॲक्सल सारा ताण सोसतो व एखाद्या दिवशी ऐन फडात तुटतो.

दुसरी अडचण जागेची. त्या जुन्या जीपमध्ये ट्रान्सफर केसमधून पुढे व मागे जाणारे दोन्ही शाफ्ट उजव्या अंगाला असतात व मागील डिफरेन्शियलही मध्यापासून त्याच बाजूला सरकलेले असते. मध्यातून शाफ्ट काढणारा आधुनिक संच बसविल्यास मागचा शाफ्ट तिरपा जाऊन जॉइंट झिजतात. इंजिन व गियरबॉक्स यांच्यामध्ये लेथवर घडविलेली प्लेट घालावी लागल्यास दोन्हींचा मध्य तंतोतंत जुळला पाहिजे. मिस्त्रीने डोळ्याने नव्हे, डायल गेजने पाहावे. मूळचेच इंजिन पुन्हा भरून घेतल्यास यांतील एकही खटाटोप करावा लागत नाही. डिझेल इंजिन जड असल्याने पुढचे पाटे बसतात आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो तेव्हा पेट्रोल इंजिनाचा लहान रेडिएटर अपुरा पडण्याचा संभव असतो, ही गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही.

कायद्याचाही विचार आधीच करावा. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. म्हणून त्याच मेकचे व त्याच प्रकारचे इंजिन हीच पहिली पसंती असावी. तेही बसविण्यापूर्वी बारामती येथील उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाची मान्यता घ्यावी. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी शेतकऱ्यास नोंदणीपुस्तक घेऊन तेथे पाठवावे. वापरलेले इंजिन घेताना बिलावर त्याचा क्रमांक लिहून घ्यावा व तो ब्लॉकवरील कोरीव क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा. घासलेला क्रमांक दिसल्यास, भाव कितीही कमी असला तरी, ते इंजिन दुकानातच राहू द्यावे.