सवेतन उमेदवारी : ज्ञानदानाचा विसरलेला भाग

‘उमेदवार’ हा शब्द आज निवडणुकीपुरता उरला आहे. एके काळी मात्र कचेरीत पगाराविना काम शिकणाऱ्या, पुढे केव्हातरी नेमणूक होईल या आशेवर राबणाऱ्या तरुणाला उमेदवार म्हणत. व्यापारी पेढीची रीत याहून निराळी होती. गावाकडून आलेला मुलगा पेढीवर ठेवला की त्याच्या जेवणाची, राहण्याची आणि थोड्याफार पगाराची व्यवस्था शेठजी पहिल्या दिवसापासून करीत. शिकणाऱ्याचे पोट रिकामे असेल, तर त्याचे लक्ष वहीत राहत नाही, हा त्यामागचा अनुभव होता. ग्रंथप्रकाशनाच्या क्षेत्राला आज पेढीच्या याच रीतीची गरज आहे.

दोन रुपयांची नोकरी

मराठी मुद्रणाच्या इतिहासात याचा उत्तम दाखला सापडतो. जावजी दादाजी चौधरी (1839–1892) हे बेताच्या परिस्थितीत वाढले. लहान वयातच ते मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर लागले. पगार होता दरमहा दोन रुपये. याच अमेरिकन मिशनने 1842 मध्ये अहमदनगर येथे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले होते. त्या छापखान्यात जावजींनी अक्षरांची घडण जवळून पाहिली आणि ती कला आत्मसात केली. 1864 मध्ये त्यांनी स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला आणि 1869 मध्ये ‘निर्णयसागर’ छापखाना उभा राहिला. तेथील देवनागरी अक्षरांचे वळण आणि संस्कृत ग्रंथांची शुद्ध छपाई देशभर नावाजली गेली. पुढे आगमोदय समितीने प्रसिद्ध केलेले जैन आगमग्रंथही याच छापखान्यात छापले गेले. म्हणजे श्रावकांच्या घरी आणि ज्ञानभांडारांत जी अक्षरे पूज्य मानून जपली गेली, त्यांच्या मुळाशी एका गरीब मुलाला मिळालेली पगारी उमेदवारी होती. ते दोन रुपये मिळाले नसते, तर पोटासाठी दुसरे कोणतेही काम पत्करणे त्याला भाग पडले असते.

उन्हाळ्याचे दोन महिने

अहिल्यानगर जिल्ह्यात छापखान्यांचा हंगाम आणि विद्यार्थ्यांची सुटी एकाच वेळी येते. एप्रिल ते जून या काळात लग्नपत्रिका असतात, शाळा-महाविद्यालयांची नव्या वर्षाची छपाई असते. पाठोपाठ चातुर्मासाच्या पत्रिका आणि पर्युषणापूर्वी हाती यायला हवीत अशी प्रतिक्रमणाची व स्तवनांची पुस्तके असतात. कामाला माणसे कमी पडतात, तेव्हाच महाविद्यालयीन मुले-मुली मोकळी असतात.

परंतु ही मोकळीक सर्वांना सारखी नसते. पाथर्डी, शेवगाव या तालुक्यांतील अनेक कुटुंबे ऊसतोडणीला जातात आणि उन्हाळ्यात गावी परततात. अशा घरातील विद्यार्थ्याला सुटीतील कमाईवर पुढच्या वर्षाचे शुल्क आणि खानावळीचा खर्च भागवावा लागतो. त्याला ‘दोन महिने या, अनुभव मिळेल’ असे सांगणे म्हणजे नम्रपणे नाकारणेच होय. विनावेतन अनुभव ज्याच्या घरी दोन वेळचे अन्न निश्चित आहे, त्यालाच परवडतो. परिणामी संपादन, मुद्रितशोधन, ग्रंथविक्री या कामांत ठरावीक घरांतीलच मुले येत राहतात आणि ज्यांच्या बोलीत मराठीचे धन आहे, ती मुले पुस्तकाच्या निर्मितीपासून दूर राहतात.

कर्मवीरांचा मार्ग

कष्ट, कमाई आणि शिक्षण यांची सांगड महाराष्ट्राला ज्यांनी घालून दिली, ते कर्मवीर भाऊराव पाटील (1887–1959) जैन कुटुंबात जन्मले होते. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून त्यांनी शालेय शिक्षण घेतले. 1919 मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. विद्यार्थ्याने भिक्षा न मागता श्रमाच्या मोबदल्यात शिकावे, हा त्यांचा आग्रह होता. संस्थेची महाविद्यालये श्रीरामपूर, कोपरगाव, कर्जत येथेही आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते. ग्रंथालयात, कार्यालयात तासांच्या हिशेबाने काम करणारे विद्यार्थी यामुळे शिकू शकतात. हीच पद्धत महाविद्यालयाच्या आवाराबाहेर, छापखान्यापर्यंत आणि प्रकाशन संस्थेपर्यंत नेता येईल.

शासकीय योजना आणि उरलेली फट

शिकाऊ उमेदवारांसाठी 1961 चा कायदा आहे. 2019 च्या सुधारित नियमांनुसार 30 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक, तर 4 ते 29 कामगार असलेल्यांना ऐच्छिक आहे. किमान विद्यावेतन शैक्षणिक पात्रतेनुसार दरमहा 5,000 ते 9,000 रुपये ठरवण्यात आले आणि प्रोत्साहन योजनेखाली त्याचा चौथा हिस्सा, कमाल 1,500 रुपयांपर्यंत, केंद्र शासन देते. राज्याच्या 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांस 6,000, आयटीआय वा पदविकाधारकांस 8,000 आणि पदवीधरांस 10,000 रुपये दरमहा अशी तरतूद झाली.

या योजना उपयुक्त आहेत. मात्र त्या मुख्यतः शिक्षण संपवून बाहेर पडलेल्यांसाठी आणि दीर्घ मुदतीच्या आहेत. अजून शिकत असलेल्या विद्यार्थ्याचा उन्हाळा त्यांत बसत नाही. ही फट समाजाने भरून काढण्याजोगी आहे.

ब्रिटनमध्ये 2016 साली पेंग्विन रँडम हाउस या प्रकाशन संस्थेने नव्या नोकऱ्यांसाठी पदवीची अट काढून टाकली. त्याच वर्षी तेथील ग्रंथव्यवसायातील मंडळींनी लंडनबाहेरून येणाऱ्या उमेदवारांना आपल्या घरातील रिकामी खोली काही दिवस देण्याचा उपक्रम सुरू केला. केवळ वेतनाने काम भागत नाही, निवाराही लागतो, हे त्यांच्या ध्यानी आले. बोर्डिंगची परंपरा असलेल्या समाजाला हे निराळे सांगावे लागू नये. उन्हाळ्यात वसतिगृहांच्या खोल्या रिकाम्या असतातच.

श्रुतसेवेचा हिशेब

ग्रंथ लिहवून घेऊन ज्ञानभांडारास अर्पण करणे, ही श्रावकांची जुनी परंपरा. त्या काळी लहियाला त्याच्या लेखनाचा मोबदला मिळे. दात्याच्या पुण्यात लेखकाच्या भाकरीचा वाटा गृहीत असे. आज ग्रंथाच्या खर्चात कागद, छपाई आणि बांधणी येते. शिकणाऱ्या हातांचे मोल त्यात येत नाही.

ते यावे, यासाठी फार मोठी रक्कम लागत नाही. दोन विद्यार्थी, दोन महिने, दरमहा 8,000 रुपये, असा हिशेब मांडला तर एकूण 32,000 रुपये होतात. स्मरणार्थ पुस्तक काढणाऱ्या कुटुंबाने, संघाने किंवा व्यापारी मंडळाने एवढी तरतूद ग्रंथखर्चात धरावी.

मात्र व्यवहार चोख हवा. मुदत, कामाचे तास आणि वेतनाचा दिवस लेखी ठरावा. निवड ओळखीवर होऊ नये. एक पान मुद्रितशोधनासाठी देऊन पारख करावी आणि दार सर्व जातिधर्मांच्या गरजू मुला-मुलींना खुले ठेवावे. त्यांना केवळ गठ्ठे उचलण्यास न लावता अक्षरजुळणी, शुद्धलेखन, फर्म्याची मांडणी, कागदाचा हिशेब आणि विक्रेत्यांकडून परत आलेल्या प्रतींची नोंद हे सारे क्रमाक्रमाने शिकवावे. शिकवण्यासाठी एक जबाबदार व्यक्ती नेमावी. पुस्तकाच्या श्रेयपानावर दात्यांबरोबर या विद्यार्थ्यांचेही नाव छापावे आणि शेवटी अनुभवाचे प्रमाणपत्र द्यावे.

मजुरी बुडवणे कोणत्याही सचोटीच्या पेढीला मान्य नसते. ‘अनुभव’ हे नाव दिल्याने फुकट घेतलेले श्रम निर्दोष ठरत नाहीत. येत्या उन्हाळ्यात जिल्ह्यातील प्रत्येक धार्मिक वा सामाजिक प्रकाशनामागे एका गरजू विद्यार्थ्याचे वेतन उभे राहिले, तर त्या ग्रंथाचे ज्ञानदान पहिल्या वाचकापूर्वीच सुरू झालेले असेल.