चितकबरं पान : जातीची शोभा की रोगाची खूण?

रंगीत, चितकबऱ्या पानांच्या शोभेच्या झाडांची हौस आता खेडोपाडीही पोचली आहे. मंडळी एकमेकांकडून फाटे, मुनवे, कंद आणतात. कुणी परसात छोटी रोपवाटिकाही थाटतात. मग वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एखादं पान आमच्यापुढे येतं आणि प्रश्न ठरलेला असतो, "साहेब, ही कुठली जात?" नाव आपण जरूर शोधू. पण आधी पाहू या, की हा रंग जातीचाच आहे ना? कारण रोगट झाड 'दुर्मिळ जात' म्हणून घरी आलं, तर पैसे तर जातातच, शिवाय शेजारचं अळू आणि सुरणही धोक्यात येतं.

जातीचा रंग कसा ओळखाल? पानाच्या ज्या भागात हरितद्रव्य नसतं तो पांढरा किंवा पिवळा दिसतो. जातिवंत झाडात या भागाची कड बहुधा स्पष्ट असते, पान सपाट असतं आणि नवा फुटवा जोमदार येतो. पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट घ्या. त्याचं पान कापून लावलं तर रोप तयार होतं, पण ते साधं हिरवं! पिवळा काठ हवा असेल तर मुनवाच वेगळा करून लावावा.

रोगाचा रंग वेगळा असतो. अळूवर्गातल्या झाडांना 'दशीन मोझॅक' हा विषाणूजन्य रोग होतो. डिफेनबेकिया, कॅलेडियम, अ‍ॅग्लोनिमा ही शोभेची झाडं आणि आपलं अळू, सुरण, सगळी एकाच कुळातली. रोग सगळ्यांना होतो. शिरांच्या कडेने पिसासारखे फिकट पट्टे उमटतात, पान वेडंवाकडं होतं, वाढ खुंटते. रोगट कंदातून आणि फाट्यांतून तो पसरतो, तसाच माव्यामुळेही पसरतो. झाड बरं करणारं औषध नाही. असं झाड उपटून जाळून टाकावं.

तिसरं कारण उपासमारीचं. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर लोहाची कमतरता समजावी. जुन्या पानांत शिरांच्या मधला भाग पिवळा पडला, तर मॅग्नेशियमची. योग्य खत दिल्यावर नवी पानं हिरवी आली, म्हणजे ती जात नव्हती, भूक होती!

आता नावाकडे वळू. नुसत्या रंगावरून नाव ठरवू नका. झाडाची ठेवण पाहा. कॅलेडियम आणि सिंगोनियम यांत पुष्कळांची गफलत होते. कॅलेडियमला जमिनीत कंद असतो, पानं थेट कंदातून येतात आणि थंडीत बहुधा झाड झोपी जातं. सिंगोनियम हा वेल आहे; त्याला पेरं असतात आणि पेरांवर मुळ्या फुटतात. लहानपणी त्याचं पान बाणासारखं असतं, वेल आधारावर चढला की पानाचे भाग पडतात. म्हणून पानाबरोबर खोड आणि मूळही पाहावं.

एवढं लक्षात ठेवा :

१. आणलेलं झाड महिनाभर इतर झाडांपासून आणि अळू-सुरणापासून दूर ठेवा.

२. प्रत्येक झाड कापल्यावर चाकू साबणाने धुवा.

३. चितकबऱ्या झाडावर पूर्ण हिरवी फांदी आली तर ती कापा, नाहीतर तीच जोर धरते. पूर्ण पांढरा फाटा लावू नका. हरितद्रव्याविना तो जगत नाही.

४. डिफेनबेकियाचा रस तोंडात गेला तर जिभेची आग होऊन सूज येते. मुलं आणि जनावरं यांच्यापासून ते झाड लांब ठेवा.

शंका आलीच तर पान फेकू नका. ताजं पान घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. मंडळी, हौस जरूर करा, पण पारखून करा!