छायाचित्रकाराची परीक्षा

वकिलास सनद लागते, डॉक्टरास लागते. परंतु साताऱ्यास किंवा सांगलीस फोटोचें दुकान थाटणाऱ्याच्या हातचें कसब कोणी तपासून पाहत नाहीं. आणि मुलीचें स्थळ तर पुष्कळदां त्याच्याच एका छायाचित्रावर पुढें सरकतें, किंवा तेथेंच अडतें!

ज्यास स्वतःहून कसोटीस उतरावयाचें असेल त्यास मार्ग आहे. लंडनमध्यें १८५३ सालीं निघालेली रॉयल फोटोग्राफिक सोसायटी लायसेन्शिएट, असोसिएट व फेलो अशा चढत्या पदव्या देते, आणि त्या परदेशीयांसही खुल्या आहेत. (पुढच्याच वर्षीं मुंबईंतही छायाचित्रकारांची संस्था निघाली होती, हें फारसें कोणास ठाऊक नसतें.) १९५३ सालीं स्थापन झालेलें आपल्याकडील फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफीही पदव्या देतें. सोसायटीच्या पहिल्या पायरीस दहा छायाचित्रें लागतात, दुसरीस पंधरा. तीं सुटीं सुटीं पाहत नाहींत. कोणतें कोणाशेजारीं लावावयाचें याचा आराखडाही द्यावा लागतो. एखादें चित्र नशिबानें साधतें. दहा साधत नाहींत.

सांगलीचे आमचे एक स्नेही बावीस वर्षें हा धंदा करीत आहेत. घरोघरीं मोबाईल झाल्यापासून गिऱ्हाईक बहुधा पासपोर्टापुरतेंच येतें. तशांत त्यांनीं परीक्षेचें मनावर घेतलें, आणि एके दिवशीं आमच्या माजघरांत दहा चित्रें मांडलीं. नवरी, निवृत्त हेडमास्तर, बारशाचें मूल. फोकस अचूक, रंग स्वच्छ. पण प्रत्येकाच्या डाव्या गालावर तोच उजेड, मान तितकीच कललेली, मागें तोच निळा पडदा! बराच वेळ पाहून ते स्वतःच म्हणाले, "माणसें दहा आणि चेहरा एकच, तोही माझ्या दुकानाचा." त्यांतलीं सात त्यांनीं तेव्हांच उचलून पाकिटांत घातलीं.

पुढच्या रविवारीं ते साताऱ्यास आपल्या आत्याकडे गेले. दिवा नाहीं, पडदा नाहीं. ओसरीवर उत्तरेकडून येणारा उजेड, आणि गहूं निवडीत बसलेल्या आत्याबाई. कॅमेरा पाहतांच त्या पदर सावरून ताठ बसल्या. आपण सगळेच बसतों. मग ह्यांनीं कॅमेरा मांडीवर ठेवला, सूप पुढें ओढलें आणि तासभर खडे काढीत राहिले. "अरे, हा खडा नव्हे, गहूंच आहे!" असें म्हणून आत्याबाईंनीं हंसत मान वर केली, तेव्हां कॅमेरा उचलला.

तें चित्र आम्ही पाहिलें. डोळे लख्ख आले आहेत, पण हाताचीं बोटें हललीं आहेत. परीक्षकांस तें खपेल कीं नाहीं याची ह्यांना धास्ती वाटते. आम्हांस विचाराल तर बोटें हललीं म्हणूनच त्या आत्याबाई वाटतात.

"पास झालास म्हणजे दर वाढवणार का रे?" त्यांनीं निघतांना विचारलें.

"पासपोर्टाला जास्त कोण देणार, आत्या?"

आणखी सहा चित्रें व्हावयाचीं आहेत.