विश्लेषण : ट्रकमालकाच्या हातून पाना का सुटतोय?

मुंबईच्या उपनगरांत गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते. मुलुंड आणि दहिसरच्या वेशीवर, घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्याच्या कडेला किंवा अंधेरीच्या मरोळ एमआयडीसीत ट्रक या वेळात उभे राहतात. २०१७ मध्ये जकात गेली, तरी वेशीवर थांबणे गेले नाही. ज्याची एकच गाडी आहे आणि ती तोच चालवतो, असा चालक-मालक हा वेळ नुसता झोपेत घालवत नाही. गाडीखाली शिरून ग्रीसिंग, ब्रेक आवळणे, फिल्टर बदलणे ही कामे तो उरकून घेतो. एप्रिल २०२० नंतरच्या गाडीवर मात्र ही सवय अर्ध्यावरच अडते. असे का झाले आणि मालकाच्या हातात आता काय उरले आहे?

स्वतः दुरुस्ती करण्यामागचे गणित काय?

मोठ्या वाहतूकदाराची एक गाडी बंद पडली तर तो दुसरी पाठवतो. एका गाडीच्या मालकाकडे दुसरी नसते. गाडी उभी राहिली की भाडे बुडते, बँकेचा हप्ता मात्र चालूच राहतो. त्यामुळे मेकॅनिकच्या मजुरीपेक्षा त्याला खोळंबा महाग पडतो. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढणीला गाडी अडकली तर क्रेनचे पैसे आणि मागे तुंबलेल्या रांगेचे शिव्याशाप, दोन्ही त्याच्याच वाट्याला येतात.

अवजड गाड्यांची कंपनीची सेवा केंद्रे बरीचशी शहराच्या वेशीबाहेर, ठाणे-भिवंडी आणि तळोजाच्या पट्ट्यात आहेत. तिथे रिकामी गाडी नेण्याचेही डिझेल जळते. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली, ट्रकला नाही. म्हणजे साधा फिल्टर बदलण्यासाठी वेशीबाहेर गेले तरी टोल आलाच. थोडा दिलासा सुट्या भागांच्या बाबतीत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्यावर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी बऱ्याच भागांवर तो २८ टक्के होता.

जुन्या गाडीत हे कसे जमत होते?

टाटांनी १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. तो करार १९६९ मध्ये संपला, पण साध्या, दणकट यांत्रिक डिझेल इंजिनाची परंपरा पुढे कित्येक दशके टिकली. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. जुन्या गाडीत पंपाचे प्लंजर आणि नोझल सगळे यांत्रिक, त्यामुळे एकदा सुरू झालेल्या इंजिनाला विजेची फारशी गरज नसे.

अशा इंजिनाचा आजार कानाने आणि डोळ्याने कळतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा आत पाणी शिरले आहे. टाकी कोरडी पडून पाइपात हवा धरली तर स्क्रू सैल करून हातपंप मारायचा, बुडबुडे थांबले की स्क्रू आवळायचा. कोणता सिलिंडर मार खात नाही हे शोधण्याची रीत तर आणखी साधी. इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट सैल करत जायचे. ज्याचा नट सैल करूनही इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर बंद. ही विद्या क्लीनर म्हणून लागलेला पोरगा उस्तादाकडून शिकत असे आणि पुढे स्वतःची गाडी घेतली की तीच त्याचे भांडवल ठरे. भाग हवा असेल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड होताच. खंडेनवमीला पाने, जॅक आणि टॉमी धुऊनपुसून झेंडूखाली मांडतात ते काही उगाच नाही.

बीएस-६ ने नेमके काय बदलले?

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानके लागू झाली. डिझेलमधील गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आले. अवजड इंजिनातून बाहेर पडणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा प्रतियुनिट ऊर्जेमागे ३.५ ग्रॅमवरून ०.४ ग्रॅमवर आली. एवढी घट नुसत्या इंजिनात साधत नाही. म्हणून धुराच्या नळीत एक छोटा रासायनिक कारखानाच बसवावा लागला. काजळी अडवणारा फिल्टर आणि नायट्रोजन ऑक्साइडवर युरियाच्या पाण्याची फवारणी करणारी यंत्रणा हे त्याचे मुख्य भाग. हे पाणी म्हणजे डीईएफ. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी असते.

या सगळ्यावर सेन्सर आणि संगणकाची नजर असते. डीईएफ संपले किंवा त्याचा दर्जा घसरला की आधी दिवा लागतो, मग इंजिनाची ताकद कमी होते. तरीही दुर्लक्ष केले तर गाडी रांगू लागते. मालकाने सेन्सर बदलला तरी संगणकातील नोंद पुसली जाईपर्यंत काही दोष जात नाहीत. ती पुसायला कंपनीचे सॉफ्टवेअर असलेला स्कॅनर लागतो. हात तोच, पाना तोच, पण कुलूप दुसऱ्याचे.

उपनगरातल्या गाडीला यात आणखी एक त्रास आहे. काजळीचा फिल्टर स्वच्छ होण्यासाठी धूर बराच वेळ चांगला तापावा लागतो. महामार्गावर ते आपोआप होते. साकीनाका ते घाटकोपर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडणाऱ्या गाडीत होत नाही. फिल्टर तुंबतो आणि दिवा लागतो. अनेक गाड्यांत उभ्या जागी तो जाळून साफ करण्याचे बटन असते. त्या वेळी धुराची नळी प्रचंड तापते, म्हणून सुका कचरा किंवा ताडपत्री जवळ असता कामा नये.

मग मालकाने स्वतः काय करावे, काय टाळावे?

हातात उरलेले काम कमी नाही, आणि गाडीचे आयुष्य बरेचसे त्यावरच ठरते. डिझेल फिल्टरखालच्या भांड्यातले पाणी सोडणे हे त्यात सगळ्यात वरचे. जुना पंप थोडे पाणी पचवत असे. आताच्या कॉमन रेल यंत्रणेत डिझेल हजार बारच्याही वर दाबले जाते आणि पाण्याचे थेंब इंजेक्टरची वाट लावतात. मुंबईच्या दमट हवेत ब्रेकच्या हवेच्या टाक्यांतही पाणी साठते, तेही सोडावे लागते. पावसाळ्यात एलबीएस मार्गावर कुर्ल्याजवळच्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर चाकांच्या हबमधले ग्रीस आणि एअर फिल्टर तपासल्याशिवाय पुढची फेरी धरू नये. पाणी इंजिनात गेल्याची शंका असेल तर स्टार्टर मारायचाच नाही. पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो.

पैसे वाचवण्याच्या नादात दोन गोष्टी महागात पडतात. जुन्या गाडीचे ऑइल नव्या गाडीत घातले तर त्यातील राख काजळीच्या फिल्टरमध्ये बसते आणि ती जाळूनही जात नाही. आणि शेतीचा युरिया पाण्यात कालवून डीईएफच्या टाकीत ओतणे. २०१५ पासून शेतीचा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊन विकला जातो. तो लेप आणि इतर अशुद्धी फवारणीचे नोझल आणि उत्प्रेरक दोन्ही खराब करतात. वाचलेले पैसे काही शेकड्यांत, नवा उत्प्रेरक लाखाच्या भाषेत बोलतो.

जुनी नट सैल करण्याची रीत तर नव्या इंजिनावर जिवावर बेतू शकते. त्या दाबाची डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते. बाहेर बारीक टाचणीएवढी जखम दिसते, आत हात सडू लागतो. अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे लागते. नुसत्या जॅकवर किंवा टेकू न दिलेल्या डम्परच्या उचललेल्या हौद्याखाली शिरू नये, हा नियम मात्र सगळ्याच गाड्यांना लागू आहे आणि तोच सर्वांत जास्त मोडला जातो.

कायदा कुठे आड येतो?

स्वतःच्या गाडीची देखभाल स्वतः करायला परवाना लागत नाही. अडचण येते ती बदल करण्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत परवानगीशिवाय फेरफार करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. डीईएफची यंत्रणा फसवणारे छोटे डबे बाजारात मिळतात, ते बसवणे यातच मोडते. शिवाय प्रदूषणाच्या मानकांच्या भंगासाठी दहा हजारांपर्यंत दंडाची वेगळी तरतूद आहे.

खरी परीक्षा पासिंगला होते. नव्या ट्रकला दोन वर्षांचे योग्यता प्रमाणपत्र मिळते. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नूतनीकरण लागते. ते संपले तर कलम ५६ नुसार गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही, आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा अडचणीत येतो. अंधेरी, बोरिवली आणि वडाळा आरटीओत आतापर्यंत निरीक्षकाची नजर निर्णायक होती. आता केंद्राचा भर स्वयंचलित चाचणी केंद्रांवर आहे. तिथे ब्रेक रोलरवर मोजले जातात. डाव्या-उजव्या चाकातला फरक यंत्र पकडते, त्यामुळे ‘ब्रेक लागतोय ना’ एवढ्यावर भागत नाही.

काढलेल्या ऑइलकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल घातक कचरा आहे. ते गटारात न ओतता नोंदणीकृत पुनर्प्रक्रियादाराकडे जायला हवे. रस्त्याकडेच्या दुरुस्तीत हे क्वचितच घडते.

स्कॅनरचे कुलूप उघडणार का?

हा वाद भारतात नवा नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधणारी साधने बाहेरच्या मेकॅनिकला न देणे, हा त्यामागचा मुख्य आक्षेप होता. कंपन्यांनी त्या आदेशाला आव्हान दिले. प्रकरण प्रवासी मोटारींचे होते, ट्रकचे नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केले. त्यात वाहन क्षेत्राचा समावेश आहे, पण पोर्टलवर माहिती मिळणे आणि कायद्याने हक्क मिळणे यात अंतर आहे. युरोपीय संघात सप्टेंबर २०२० पासून लागू असलेल्या नियमानुसार ट्रक उत्पादकांनाही दुरुस्तीची माहिती वाजवी शुल्कात स्वतंत्र गॅरेजांना द्यावी लागते.

तोवर उपनगरांतल्या चालक-मालकांपुढे दोनच वाटा दिसतात. काही जण बीएस-४ ची जुनी गाडी वाढत्या पासिंग शुल्कासह ओढत राहतात. बाकीचे नव्या गाडीचे ग्रीस, पाणी, टायर आणि फिल्टर स्वतः पाहतात, आणि दिवा लागला की स्कॅनर असलेल्या गॅरेजची वाट धरतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. चालकासाठी ते हवेच होते. आता कॉम्प्रेसर आणि गॅसचे कामही त्याच्या यादीत आले.