जुन्या मोटारीचे पाणी आणि कागद

जुनी मोटार विकत घेण्यापूर्वी ती अकोल्यातल्या एखाद्या जाणत्या मिस्त्रीला दाखवायला न्यावी, तर तो इंजिन सुरू करण्याच्या आधी बोनेट उघडतो आणि थंड रेडिएटरच्या झाकणाला हात घालतो. कारण रंग, गाद्या, चाकांच्या टोप्या ही सारी शोभा विकणाऱ्याने आदल्या दिवशी धुवून-पुसून साजरी केलेली असते, परंतु झाकणाखालचे पाणी सजविण्याचे सहसा कोणाला सुचत नाही. ते पाणी गंजाने तांबूस झाले असेल, तोंडाच्या कडेला क्षारांचे पांढरे पापुद्रे धरले असतील, किंवा वर तेलाचा तवंग दिसत असेल, तर त्या मोटारीची आजवर कशी हयगय झाली, हे त्या बोटभर जागेत वाचता येते.

वऱ्हाडात ही परीक्षा विशेष अगत्याची आहे. पूर्णेच्या खोऱ्यात दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, बाळापूर या बाजूंना पसरलेल्या खारपाणपट्ट्यात विहिरींचे आणि बोअरचे पाणी खारट, आणि त्यातच मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. अशा उन्हात वाटेत मोटार तापली की जवळच्या शेतातले पाणी आणून ओतले जाते. पाणी वाफ होऊन निघून जाते, क्षार मात्र मागे राहतात, आणि चहाच्या भांड्याला जसा थर धरतो तसा तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरून पाण्याची वाट अडवितो. मग इंजिनाचे अ‍ॅल्युमिनियमचे हेड अतिउष्णतेने वाकते, हेड गॅस्केट फुटते, तेलात पाणी मिसळून ते दुधाळ होते, आणि स्वस्तात मिळालेल्या मोटारीच्या किमतीचा मोठा हिस्सा त्या एकाच दुरुस्तीत खर्ची पडतो.

सामान्य कुटुंबाला परवडणारी मोटार म्हटली की दृष्टी प्रथम मारुती ८००कडे आणि तिच्या मागून आलेल्या अल्टोकडे जाते. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुतीची किल्ली दिली गेली. ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे ते छोटे इंजिन पुढे तीस वर्षे देशभर धावले, आणि जानेवारी २०१४ मध्ये त्या मोटारीचे उत्पादन थांबले. तिचा खरा गुण असा, की तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात, आणि ती डोळे मिटून खोलणारे मिस्त्री जागोजागी आहेत.

पाण्यानंतर कागद. ज्या प्रांतात सातबारा पाहिल्यावाचून कोणी शेताचा इसार देत नाही, तेथे नोंदणीपुस्तक न पाहता मोटारीचा सौदा करणे हे नवलच म्हटले पाहिजे. पुस्तकावरचा चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष मोटारीवरच्या क्रमांकांशी अक्षरशः ताडून पाहावा. बँकेचा बोजा असेल, तर तो उतरल्याचा नमुना ३५ हाती घ्यावा. नंतर नमुना २९ व ३० भरून अमरावतीच्या एम.एच. २७ किंवा अकोल्याच्या एम.एच. ३० च्या दप्तरात नाव चढवून घ्यावे, आणि विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. यात विकणाऱ्याचेही हित आहे. कारण नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पुढे तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. म्हणून मुदत सरत आलेल्या मोटारीच्या किमतीत हा खर्च आधीच हिशेबात धरावा.

मोटार दारात आली की पहिल्याच आठवड्यात जुने पाणी काढून, रेडिएटर साफ करवून, त्यात कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी योग्य प्रमाणात भरावे, आणि त्याची एक बाटली डिकीत कायम ठेवावी. उन्हाळ्यात मोटार तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा जो प्रघात आहे, तो टाळावा. त्याने रोग झाकला जातो, आणि थंडीत इंजिन पुरेसे न तापता पेट्रोल अधिक जाळते. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल, तर तो बदलूनच घ्यावा. टायरवरचे चार आकडे वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा, नक्षी शाबूत असली तरी आमच्या उन्हाने जुन्या रबराला भेगा पडतात. पावसाळा संपला की चाकांच्या कमानींत साचलेली काळी माती धुवावी, कारण ती ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते.

एवढी निगा राखली म्हणजे जुन्या मोटारीची परीक्षा पाहायला परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट पुरेसा आहे. सपाटीच्या महामार्गावर पुष्कळ मोटारी धावतात. परंतु घाटात दुसऱ्या गिअरमध्ये, चार माणसे बसलेली असताना, वळणामागून वळण चढत असूनही ज्या मोटारीच्या तापमानाचा काटा मध्यावरून हलत नाही, तिच्या मालकाने पाणी आणि कागद या दोन्ही गोष्टी वेळेवर पाहिल्या होत्या, असे खुशाल समजावे.